जर्मनीला मुलं पाठवणाऱ्या सल्लागारांना खुलं पत्र: व्हिसाच्या स्टिकरनंतरचं कोण सांगणार?

प्रति,
पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि इतरत्र जर्मनीचे प्रवेश करून देणारे सर्व सल्लागार

सप्रेम नमस्कार.

तुमच्या जाहिरातींत साधारण तीन गोष्टी ठळक अक्षरांत असतात: शिक्षण मोफत, व्हिसाची हमी आणि शिकता शिकता कमाई. पहिली अर्धीच खरी आहे. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून फी लावली, आणि खासगी विद्यापीठांची फी तर तुम्हीच भरून घेता. दुसऱ्या गोष्टीची हमी देणं तुमच्या हातात नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तिसरी कायद्याने शक्य आहे, पण तिच्या अटी जाहिरातीत नसतात आणि समुपदेशनाच्या खोलीतही सांगितल्या जात नाहीत.

आमचं म्हणणं थोडक्यात असं: तुमचं काम विमानतळावर संपतं आणि विद्यार्थ्याची खरी फाइल तिथून पुढे उघडते. पासपोर्टवरचा स्टिकर हा फक्त प्रवेशाचा व्हिसा असतो. तो बहुतेक वेळा तीन ते सहा महिन्यांचा असतो, कधी वर्षाचा. मुक्कामाचा परवाना जर्मनीत पोचल्यावर, तिथल्या शहराच्या परदेशी नागरिक कार्यालयातून, निवास कायद्याच्या कलम १६ बी खाली काढावा लागतो. तो कशावर मिळतो आणि कशावर अडतो, हे पालकांना तुमची फी भरण्याआधी कळलं पाहिजे.

सुरुवात इथूनच करू. १ नोव्हेंबर २०२२ पासून विद्यार्थी व्हिसासाठी एपीएसचं, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासणाऱ्या जर्मन केंद्राचं, प्रमाणपत्र लागतं, त्याची फी १८,००० रुपये आहे. थोडे अपवाद सोडले तर ते सगळ्यांनाच लागतं. त्यात मराठी मुलांची फाइल हमखास कुठे घोटाळते ते आपल्या गुणपत्रिकेवर छापलेलं असतं. बोर्डाच्या आणि विद्यापीठाच्या कागदावर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव, कुठे शेवटी आईचंही. पासपोर्टवर मात्र काहींचं वडिलांचं नाव 'गिव्हन नेम'मध्ये आलेलं असतं, काहींचं आलेलंच नसतं. पुढे बँक, विमा कंपनी, विद्यापीठ, भाडेकरार असं प्रत्येक ठिकाणी पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने नाव लिहायचं, हा एक नियम मुलांना पहिल्या दिवशी सांगा. विद्यापीठात एक नाव आणि विम्यात दुसरं पडलं की संगणक दोन माणसं धरतो आणि नावनोंदणी लटकते.

दुसरी बाब ताजी आहे आणि तुमच्यापैकी अनेकांच्या माहितीपत्रकांत अजून जुनंच छापलेलं आहे. व्हिसा नाकारला तर दूतावासाकडे विनाशुल्क फेरविचार मागण्याची सोय १ जुलै २०२५ पासून जगभर बंद झाली. आता नवी फी भरून नव्याने अर्ज, नाहीतर महिन्याच्या आत बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा, एवढेच मार्ग उरले. ऑक्टोबरच्या सत्रासाठी जाणाऱ्या मुलाला ऑगस्टमध्ये नकार आला तर ते सत्र गेलंच. तेव्हा एकाच साच्यातून काढलेलं एसओपी, म्हणजे 'मी हे का शिकणार' हे सांगणारं निवेदन, दहा जणांच्या फायलींना लावण्याची सवय आता महागात पडते, आणि ती तुम्हाला नाही, मुलांना.

आता पैसे. ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं आणि मग महिन्याला ठरावीक हप्ताच देणारं खातं. त्याची रक्कम १ सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिना ९९२ ठरली. हा आकडा वेळोवेळी बदलतो, म्हणून गेल्या वर्षीच्या मुलाच्या कागदावरून उतरवून घेऊ नका, अर्जाच्या वेळी दूतावासाच्या पानावरून घ्या. यात तीन गोष्टी नेहमी चुकतात.

एक, पैसे पोचताना कमी पडतात. इथल्या बँकेने ११,९०४ पाठवले आणि मधल्या बँकेने पंधरा-वीस युरो कापले, की खात्यात ११,८८५ दिसतात आणि पुष्टीचं पत्रच निघत नाही. सगळे शुल्क पाठवणाऱ्याकडे हा पर्याय रेमिटन्सच्या फॉर्मवर निवडायचा आणि वर शंभरेक युरो जास्त टाकायचे. दोन, पहिला हप्ता उतरल्या दिवशी हातात येत नाही. त्यासाठी जर्मनीतलं चालू खातं लागतं, त्याचा आयबॅन, म्हणजे खाते क्रमांक, ब्लॉक्ड अकाउंटवाल्यांना कळवावा लागतो, आणि अनेक बँका खातं उघडायला पत्त्याची नोंद मागतात. यात तीन-चार आठवडे सहज जातात. त्याच काळात घरमालक अनामत मागतो, आणि कायद्याने ती तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असू शकते. म्हणजे ११,९०४ च्या बाहेर, हाताशी असलेले दोन-अडीच हजार युरो वेगळे लागतात. हे पालकांना मे महिन्यात सांगितलं तर तजवीज होते. सप्टेंबरच्या शेवटी मुलाने फोनवर सांगितलं की घरात दागिन्यांकडे नजर जाते.

तिसरी चूक सगळ्यांत मोठी. पालक ब्लॉक्ड अकाउंटला अनामत ठेव समजतात: एकदा भरली, काम झालं. ती ठेव नव्हे, पहिल्या वर्षाचा घरखर्च आहे आणि तो बारा महिन्यांत संपतो. परवाना वाढवून घेताना पुढच्या काळासाठी तेवढ्याच ऐपतीचा पुरावा पुन्हा द्यावा लागतो. काही शहरांत पगाराच्या पावत्या आणि कामाचा करार चालतो, काही ठिकाणी पुन्हा ब्लॉक्ड अकाउंटच मागतात. तिथे राहणारे मामा-काका हमीपत्र देऊ शकतात, पण ते कायद्याने पाच वर्षं बांधील राहतात, हे त्यांनाही आधी कळू द्या. कर्जाचं मंजुरीपत्र दाखवून काम होईल असं कोणालाही सांगू नका. बँक कर्ज हप्त्याने सोडते, आणि ब्लॉक्ड अकाउंटला पूर्ण रक्कम एकदम आधी लागते. कर्जाच्या अर्जातच राहण्याचा पहिल्या वर्षाचा खर्च एकरकमी सोडण्याची अट घालून घेतली तर हा पेच सुटतो.

विम्याबाबत तुमच्यापैकी काहींशी आमचं थेट भांडण आहे. तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्याला सरकारी आरोग्य विमा सवलतीच्या दरात मिळतो. महिन्याला साधारण दीडशे युरो पडतात, आणि तेवीस वर्षांवरच्या मूल नसलेल्यांना काळजी-विम्याचा (आजारपणात-म्हातारपणात लागणाऱ्या शुश्रूषेच्या सक्तीच्या विम्याचा) वाटा थोडा जास्त. तुम्ही पॅकेजमध्ये तीस-चाळीस युरोंचा खासगी विमा घालता. स्वस्त दिसतो म्हणून पालक खूश होतात. तो प्रवासापुरता, नावनोंदणी होईपर्यंत ठीक आहे. पण त्याच्या जोरावर मुलाने सरकारी विम्यातून सूट घेतली, तर संपूर्ण शिक्षण होईपर्यंत त्याला परत फिरता येत नाही. दात दुखला, गुडघा फिरला, की त्या स्वस्त विम्याच्या अटी वाचायची वेळ येते. शिवाय विद्यापीठाला विम्याची माहिती सरकारी विमा कंपनीकडूनच थेट संगणकातून जावी लागते, सूट घेतली तरी सूट घेतल्याची नोंद तीच पाठवते. मुलं खासगी विम्याची पीडीएफ घेऊन नावनोंदणीच्या खिडकीवर उभी राहतात आणि परत पाठवली जातात. एवढं एक वाक्य तुम्ही आधी सांगितलंत तर ती रांग टळेल. आणि विद्यार्थी एकतीस-बत्तीस वर्षांचा असेल, नोकरी सोडून मास्टर्सला निघाला असेल, तर सवलतीचा दर त्याला मिळणार नाही, हेही हिशेबात धरा.

पोचल्यावर पहिलं काम म्हणजे पत्त्याची नोंद, तिथला शब्द आनमेल्डुंग. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते. भाडेकरार पुरत नाही. घरमालकाने सही केलेला, अमुक तारखेपासून अमुक व्यक्ती इथे राहायला आली असा वेगळा कागद लागतो. तुमच्या पॅकेजमधल्या 'निवासाची सोय' या ओळीचा इथे निकाल लागतो. जो घरमालक हा कागद देत नाही, त्याची खोली कितीही स्वस्त असली तरी विद्यार्थ्याच्या उपयोगाची नाही. पत्ता नाही तर करक्रमांक नाही, करक्रमांक नाही तर पगारातून जास्तीत जास्त दराने कर कापला जातो, आणि परवान्याचा अर्ज कोणत्या शहरात करायचा हेही ठरत नाही. खोली न पाहता, चावी कुरियरने येईल या बोलीवर अनामत पाठवायला सांगणारा माणूस शंभर टक्के लबाड समजावा.

एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट. तिकडे टपाल घराच्या क्रमांकावर येत नाही, नावावर येतं. इमारतीच्या दारात पत्रपेट्यांची रांग असते, प्रत्येकीवर आडनावाची पट्टी. तिथे आपलं आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र 'या पत्त्यावर व्यक्ती नाही' म्हणून परत नेतो. करक्रमांक, बँकेचा पिन, विम्याचं कार्ड, परदेशी कार्यालयाची तारीख, सगळं टपालाने येतं. कागदाची चिठ्ठी आणि चिकटपट्टी लावून पहिल्याच संध्याकाळी 'कुलकर्णी' किंवा 'शेख' असं लॅटिन लिपीत ठळक लिहून पेटीवर लावायचं, दुसऱ्याच्या घरात पोटभाडेकरू असलो तरी. कुकर आणि मसाल्यांच्या यादीत ही चिकटपट्टी अजून आलेली नाही.

आता परवाना. पासपोर्ट, विद्यापीठाचं नोंदणीपत्र, विम्याचा दाखला, पैशाचा पुरावा, पत्त्याची नोंद, भाडेकरार, अर्ज आणि फोटो. १ मे २०२५ पासून छापील फोटो चालत नाही, प्रमाणित केंद्रातून किंवा कार्यालयातल्या यंत्रावरच डिजिटल काढावा लागतो. म्हणून इथून तिकडच्या मापाचे आठ फोटो काढून नेण्याचा सल्ला आता बंद करा. पहिल्या परवान्याची फी १०० युरो. परवाना कार्डाच्या रूपात मिळतो, ते बर्लिनला छापून येतं, त्याला चार ते आठ आठवडे लागतात. परवाना साधारण दोन वर्षांचा मिळतो.

खरी अडचण तारखेची आहे. मोठ्या शहरांत भेटीची वेळ दोन-तीन महिने मिळत नाही आणि स्टिकर तोवर संपतो. इथे मुलं घाबरतात, आणि तुमच्याकडे फोन केला तर 'काही होत नाही' असं उत्तर मिळतं. होतं काय ते नेमकं सांगतो. स्टिकर संपण्याच्या आत अर्ज पोचला असेल, मग तो ऑनलाइन असो की पत्राने, तर कलम ८१ च्या चौथ्या पोटकलमाने जुना परवाना निर्णय होईपर्यंत चालू मानला जातो, आणि कामाचा हक्कही त्याच अटींवर चालू राहतो. एक दिवस उशीर झाला तर हे संरक्षण आपोआप मिळत नाही. म्हणून भेटीची वाट न पाहता मुदत संपण्याआधी सहा ते आठ आठवडे अर्ज टाकायचा आणि पोचपावती जपायची. कार्यालय मागितल्यावर १३ युरोत एक तात्पुरता दाखला देतं, मुलं त्याला 'फिक्शन' म्हणतात. घडीचा कागद असतो, आत तीन चौकोन. खूण तिसऱ्या चौकोनावर, म्हणजे 'परवाना चालू मानला जातो' यावर असेल, तर भारतात जाऊन परत येता येतं. पहिल्या चौकोनावर असेल तर मुक्काम वैध, पण देश सोडला की परत येताना नवा व्हिसा लागतो. दिवाळीचं तिकीट काढण्याआधी तो कागद उघडून बघा, एवढंच सांगायचं असतं. तिसऱ्या चौकोनावर खूण असूनही चेक-इनच्या काउंटरवर हा कागद न ओळखणारा कर्मचारी भेटू शकतो. त्यामुळे जुना स्टिकर असलेला पासपोर्ट सोबत ठेवून थोडा वेळ हाताशी ठेवून जावं.

आणखी एक. सहा महिन्यांहून जास्त काळ जर्मनीबाहेर राहिलं तर परवाना आपोआप रद्द होतो. 'एक सत्र घरून ऑनलाइन कर, भाडं वाचेल' हा सल्ला कोणी दिला असेल तर तो मागे घ्यावा. त्याच्याशीच जोडलेलं: ज्या अभ्यासक्रमाचं शिकवणं मुख्यतः ऑनलाइन आहे, त्यावर विद्यार्थी परवाना टिकत नाही, मग ते खासगी विद्यापीठ सरकारमान्य असलं तरी. सरकारी विद्यापीठं तुम्हाला कमिशन देत नाहीत, खासगी देतात. यात बेकायदा काही नाही. पण ज्या प्रवेशावर तुम्हाला दुसरीकडूनही पैसे मिळतात, तो कोणता, हे पालकांना कळायला हवं.

कामाच्या नियमांत तुमच्या माहितीपत्रकांत सगळ्यांत जास्त गोंधळ आहे, कारण तुम्ही दोन वेगवेगळे कायदे एकत्र कालवता. पहिला निवास कायदा. त्यात १ मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. त्याआधी ही मर्यादा १२० आणि २४० होती, आणि जुने आकडे अजून फिरतात. चार तासांपर्यंतचं काम अर्धा दिवस, त्याहून जास्त पूर्ण. किंवा आठवड्याने मोजायचं: सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत कितीही दिवसांत विभागून काम केलं तरी अडीच दिवस धरतात. सुट्टीत पूर्णवेळ केलं तरी तो आठवडा अडीच दिवसांचाच. दोन्हींपैकी जे फायद्याचं ते त्या आठवड्याला लागू. बावन्न आठवडे गुणिले अडीच म्हणजे १३०. म्हणजे सत्रात वीस तास पाळणाऱ्याचे १४० दिवस कधी संपतच नाहीत. विद्यापीठातलं सहायकाचं काम आणि अभ्यासक्रमात सक्तीची असलेली इंटर्नशिप यात धरत नाहीत. हौसेची इंटर्नशिप धरतात.

दुसरा कायदा सामाजिक विम्याचा, आणि त्याचा वीस तासांचा नियम निराळा आहे. सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांवर गेलं की विमा कंपनीच्या लेखी तो माणूस विद्यार्थी राहत नाही, कर्मचारी होतो, आणि पगारातून सगळे विमे पूर्ण कापले जातात. रात्रीच्या आणि शनिवार-रविवारच्या कामाला सवलत आहे, पण वर्षात २६ आठवड्यांपुरतीच. दिवस शिल्लक आहेत म्हणून तीस तास करणारा मुलगा पहिल्या कायद्यात सुटतो आणि दुसऱ्यात सापडतो.

अटी लिहिलेल्या कुठे असतात? कार्डावर नाही. कार्डावर 'झीए त्सुझात्सब्लाट', जोडपत्र पाहा, एवढंच छापलेलं असतं. हिरवट घडीचं जोडपत्र कार्डासोबत मिळतं, त्यावर कामाची मर्यादा आणि बहुतेक वेळा 'स्वतंत्र व्यवसायाला परवानगी नाही' अशी ओळ असते. ते हरवू नये आणि मालकाला त्याची प्रत द्यावी. त्या ओळीमुळेच फ्रीलान्स कोडिंग, पैसे मिळणारं यूट्यूब चॅनल आणि स्वतःच्या नावाने बिल फाडून केलेली खाद्यपदार्थांची डिलिव्हरी या तिन्ही गोष्टी आधी परवानगी घेतल्याशिवाय चालत नाहीत. डिलिव्हरीत तर मधला कंत्राटदार 'तू माझा भागीदार' म्हणून कागदावर सही घेतो. पगाराची पावती मिळणार नसेल तर ती नोकरी नव्हे. आपल्याच देशबांधवाच्या हॉटेलात रोखीने मिळणारे पैसे त्याच जातीचे. पकडलं गेलं तर पुढचा परवाना अडतो, आणि अपघात झाला तर विमा हात वर करतो.

आता कमाईचं गणित, तुमच्या जाहिरातीतल्या तिसऱ्या ओळीसाठी. १ जानेवारी २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. आठवड्याला वीस तास, म्हणजे महिन्याला साधारण ८७ तास, झाले १,२०० च्या आसपास. पेन्शनचा वाटा जाऊन हातात अकराशे, आरोग्य विमा भरून साडेनऊशे. मिनीजॉब, म्हणजे ठरावीक कमाईपर्यंतची छोटी नोकरी, असेल तर महिना ६०३ युरोंची मर्यादा, म्हणजे सुमारे ४३ तास. तेव्हा सगळं नीट जुळलं तर पगारात राहणं-खाणं कसंबसं निघतं. कर्जाचा हप्ता आणि खासगी विद्यापीठाची फी त्यातून निघत नाही. आणि वीस तासांचं काम पहिल्या दिवशी मिळत नाही. जर्मन भाषा ए-२ या प्राथमिक पातळीच्या वर नसेल तर गोदाम आणि स्वयंपाकघर, त्यापुढच्या बी-१ पातळीनंतर दुकानाचा काउंटर, अभ्यासाशी संबंधित वेर्कश्टुडेंटची, म्हणजे कंपनीतल्या अर्धवेळ विद्यार्थी-कर्मचाऱ्याची, जागा बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या सत्रात. पहिले सहा महिने कमाई शून्य धरून पालकांना अंदाजपत्रक द्या.

अभ्यासाची प्रगतीही परवान्याला बांधलेली आहे. वाढवताना किती क्रेडिट झाले ते पाहतात. त्या अभ्यासक्रमाच्या सरासरी काळाहून तीन सत्रांपर्यंतचा उशीर सहसा खपवून घेतात, पुढे विद्यापीठाचं पत्र लागतं. रात्रपाळीमुळे परीक्षा सोडणारी मुलं याच जागी अडकतात.

पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो, त्या काळात कोणतंही काम तासांच्या मर्यादेविना करता येतं. ब्लू कार्डसाठी, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या परवान्यासाठी, २०२६ ची पगाराची अट वर्षाला ५०,७०० युरो, तुटवड्याच्या क्षेत्रांत आणि तीन वर्षांच्या आत पदवी घेतलेल्यांना ४५,९३४.२०. नागरिकत्व तीन वर्षांत मिळवून देणारी जलद वाट ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाली, तीही फलकावरून उतरवा.

आमच्या मागण्या. फी घेण्याआधी पालकांना मराठीत एक पानभर लेखी अंदाजपत्रक द्या: ब्लॉक्ड अकाउंट, त्याबाहेरची रोख, विमा, दुसऱ्या वर्षाचा पुरावा. सुचवलेल्या प्रत्येक विद्यापीठापुढे सरकारी की खासगी, वर्ग प्रत्यक्ष किती, आणि तुम्हाला कमिशन आहे की नाही, हे लिहा. पॅकेजमधल्या खोलीचा घरमालक पत्त्यासाठीचा कागद देणार, याची लेखी खात्री घ्या. व्हिसा नाकारला गेला तर तुमच्या फीपैकी किती परत, ते करारात आकड्याने लिहा. आणि खासगी विमा विकत असाल तर त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत, सरकारी विम्यातून सूट घेतल्यास शिक्षण संपेपर्यंत परतता येत नाही, ही ओळ छापा.

हे पान कसं असावं याचा मसुदा हवा असेल तर आम्ही बसून करून देऊ, विनामूल्य. आकडे दरवर्षी जानेवारीत आणि सप्टेंबरमध्ये तपासावे लागतील.

आपले,
जर्मनीत शिकणारे आणि शिकून तिथेच नोकरी करणारे काही मराठी